बर्फ मोजायला जाते म्हणे!

दुपारचे तीन वाजले होते. मार्चमधलं डोंबिवलीचं ऊन; पंखा पाचवर असूनही वारा गरमच. अशा वेळी दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनी दारात उभ्या. हातात माझीच वाटी, आठवड्यापूर्वी मी शिरा घालून पाठवलेली. वाटी परत करायला भर दुपारी कुणी येत नसतं, हे काय आपल्याला सांगायला हवं? पाणी प्यायल्या, पदराने मान टिपली आणि एकदम म्हणाल्या, "ताई, ही मुलगी बर्फ मोजायला जाते म्हणे!"

मुलगी म्हणजे त्यांची थोरली. भौतिकशास्त्रात एम.एस्सी. करते. दोन महिन्यांच्या प्रकल्पासाठी तिने गोव्याला अर्ज केला होता आणि चक्क बोलावणं आलं. वास्कोला राष्ट्रीय ध्रुवीय आणि सागरी संशोधन केंद्र आहे, तिथून. विषय काय, तर ध्रुवांजवळच्या समुद्रावर जो बर्फ गोठतो त्याचे आणि त्याच्यावर पडणाऱ्या हिमाचे गुणधर्म. किती जाड, किती खारट, किती पांढरा! घरात मात्र वेगळंच ठरलं होतं. बँकेच्या परीक्षेच्या क्लासचे पैसे भरून झाले होते आणि पुण्याचं एक स्थळ मे महिन्यात बघायला येणार होतं. वडिलांनी एका वाक्यात निकाल लावला, "बर्फ मोजून कुणाचं पोट भरलंय?" तेव्हापासून मुलगी धड जेवत नव्हती.

"तुमचं ऐकते ती. तुम्ही समजवा," वहिनी म्हणाल्या.

बचत गटांच्या कामामुळे माझ्याकडे रेशनकार्डापासून सासू-सुनेच्या भांडणापर्यंत सगळं येतं. पण बर्फ पहिल्यांदाच आला! मी मराठी घेऊन बी.ए. झालेली. बर्फ म्हणजे फ्रीजमधला नाहीतर गोळेवाल्याचा. दुसऱ्याला समजवायचं तर आधी आपल्याला समजलं पाहिजे, म्हणून मी मुलीलाच बोलावलं. म्हटलं, "मला आणि तुझ्या आईला कळेल असं सांग. कळलं तर मी बाबांशी बोलते. नाही कळलं तर बँकेचा क्लास." तिने मान डोलावली. पुढचे तीन दिवस संध्याकाळी माझ्या स्वयंपाकघरात बर्फाची शाळा भरली. वहिनी पहिल्या दिवशी रागातच येऊन बसल्या होत्या.

सुरुवातीलाच आमची गाडी शब्दावर अडली. आपल्या भाषेत आकाशातून पडतो तोही बर्फ आणि पाणी गोठून होतो तोही बर्फ. पुस्तकात 'हिम' म्हणतात, पण बोलताना कोण म्हणतं? शास्त्रज्ञांना मात्र हे दोन वेगळे ठेवावेच लागतात. पोरीने युक्ती केली. येताना मासळीबाजारातून बर्फाचा एक तुकडा आणि पिशवीभर चुरा घेऊन आली. लादीच्या कडेचा तो तुकडा काचेसारखा आरपार दिसत होता. आणि तीच लादी फोडून केलेला चुरा पांढरा शुभ्र!

"एकाच लादीचा आहे ना हा? मग पांढरा रंग आला कुठून?" तिने विचारलं.

आम्ही दोघी गप्प. रोजच्या बघण्यातली गोष्ट, पण हा प्रश्न काही कधी पडला नव्हता. मग तिने खडीसाखर आणि पिठीसाखर शेजारी शेजारी ठेवली. खडीसाखरेतून थोडंफार पलीकडचं दिसतं, तीच कुटली की पांढरी होते. कारण प्रत्येक कणाच्या कडेला, कण आणि हवा जिथे भेटतात तिथे, प्रकाश वळतो. असे हजारो कण आले की प्रकाश आत शिरतो, इकडून तिकडे आपटत राहतो आणि शेवटी बहुतेक सगळा आला तसा बाहेर पडतो. तोच आपल्याला पांढरा दिसतो. ताजं हिम म्हणजे असाच चुरा, फार बारीक आणि हवा भरलेला. त्या चुऱ्यावर तिने वाटीभर पाणी ओतलं आणि तो बघता बघता करडा, मळकट दिसायला लागला. मधली हवा गेली, पाणी भरलं. वितळू लागलेल्या हिमाचं हेच होतं.

"म्हणजे वितळायला लागलं की पांढरेपणा जातो," वहिनी म्हणाल्या. त्या दिवसातलं त्यांचं हे पहिलं वाक्य.

आता पांढरेपणा गेला तर गेला, त्यात एवढं मोजायचं काय? तर हिशोब असा आहे. समजा सूर्याने शंभर रुपयांचं ऊन पाठवलं. ताजं कोरडं हिम त्यातले ८० ते ९० रुपये परत करतं. हिम उडून गेलेला उघडा समुद्री बर्फ ५० ते ७० परत करतो. उन्हाळ्यात बर्फावर वितळलेल्या पाण्याची डबकी साचतात, ती २० ते ४० देतात. आणि बर्फ जाऊन खाली काळा समुद्र उघडा पडला, की तो परत करतो फक्त सहा-सात रुपये. बाकीचं सगळं ऊन खिशात! त्या उन्हाने पाणी तापतं, तापलेलं पाणी कडेचा बर्फ वितळवतं, आणखी समुद्र उघडा पडतो. कर्जावर व्याज आणि व्याजावर व्याज. सावकारी बघितलेल्या बायकांना हे वेगळं समजवावं लागत नाही. या परत दिलेल्या हिश्श्याला शास्त्रज्ञ अल्बेडो म्हणतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी ढगाळ होतं. पोरगी आम्हाला गच्चीवर घेऊन गेली. तिच्या मोबाइलमध्ये प्रकाश मोजायची सोय होती. गच्चीवर धुतलेली पांढरी चादर पसरली, मोबाइल आधी आभाळाकडे धरला, आकडा लिहिला. मग उलटा करून चादरीकडे धरला, तो आकडा लिहिला. खालचा भागिले वरचा, झाला अल्बेडो! मग तेच वॉटरप्रूफिंगच्या काळ्या डांबरी पट्ट्यावर केलं. चादरीचा आकडा निम्म्याहून खूप वर गेला, काळ्या पट्ट्याचा एक-दशांशसुद्धा आला नाही. मी वाकून बघायला गेले तर ओरडली, "काकू, सावली पडतेय तुमची!"

ध्रुवावरसुद्धा याच सावलीची काळजी घ्यावी लागते म्हणे. तिथे दोन काचेच्या घुमटीची उपकरणं पाठीला पाठ लावून एका लांब दांड्याच्या टोकाला बसवतात. एकीचं तोंड आभाळाकडे, दुसरीचं बर्फाकडे. मोजणाऱ्याने दूर उभं राहायचं. दांडा सरळ पाण्याच्या पातळीत हवा, काचेवर दव गोठायला नको, आणि ज्या हिमाचं मोजायचं त्यावर कुणी पाय ठेवलेला नको. १९९७-९८ साली अमेरिकेच्या शास्त्रज्ञांनी उत्तर ध्रुवाकडच्या समुद्रात कॅनडाचं एक जहाज मुद्दाम बर्फात गोठवून ठेवलं आणि वर्षभर त्या तरंगत्या बर्फावर मुक्काम केला. तिथे डोनाल्ड पेरोविच नावाच्या शास्त्रज्ञाच्या गटाने बर्फावर २०० मीटरची एक सरळ रेघ धरली आणि एप्रिल ते ऑक्टोबर त्या रेघेवर दर अडीच मीटरला अल्बेडो मोजत राहिले. म्हणजे एका फेरीला ऐंशीच्या वर नोंदी! सुरुवातीला शंभरात ऐंशीच्या वर असलेला आकडा ऑगस्टपर्यंत चाळीसच्या आसपास उतरला. हिम कोरडं असताना, भिजल्यावर, डबकी साचल्यावर, डबकी पसरल्यावर आणि पुन्हा गोठू लागल्यावर कसा कसा बदलतो, ते त्या वहीमुळे कळलं. आज संगणकावर पृथ्वीच्या हवामानाचे जे अंदाज मांडतात, त्यांना बर्फ कधी किती पांढरा धरायचा हे अशाच वह्यांतून कळतं.

इथे जरा माझं सांगते. कल्याणच्या एका वस्तीत आमच्या गटाच्या बायका पत्र्याच्या घरात राहतात. एप्रिल-मेमध्ये दुपारी घरात बसवत नाही, तान्ह्या पोरांना घेऊन जिन्याखाली बसतात. अहमदाबादला महिला हाउसिंग ट्रस्टने अशा घरांच्या छपरांना पांढरा रंग देण्याचं काम केलंय, हे वाचून आम्हीही दोन पत्र्यांवर चुना मारून बघितला. "ताई, आता दुपारी भाकरी थापता येते," एकजण म्हणाली. पावसात चुना धुऊन गेला, ती गोष्ट वेगळी. पण हा अल्बेडोच होता, हे मला तेव्हा कुठे ठाऊक?

दुसऱ्या संध्याकाळी खारटपणाचा धडा. माझ्या लहानपणी आमच्याकडे आइस्क्रीमचा लाकडी पॉट होता. सुट्टीत सगळी भावंडं पाळीपाळीने दांडा फिरवायची आणि आई बर्फात जाडं मीठ टाकायची. मीठ घातलं की पाणी शून्य अंशाच्याही खाली जातं तरी गोठत नाही, हे आम्हा सगळ्यांना हाताने माहीत, फक्त पुस्तकाच्या भाषेत माहीत नाही. समुद्राचं पाणी साधारण उणे १.८ अंशाला गोठतं. गोठताना पाण्याचे स्फटिक मिठाला बाहेर ढकलतात. थोडं मीठ अतिखारट पाण्याच्या बारीक थेंबांच्या रूपात बर्फातच अडकतं, बाकीचं समुद्रात उतरतं. म्हणून लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम मीठ असलेल्या पाण्याचा बर्फ झाला की किलोमागे चार-सहा ग्रॅमच उरतं. हा बर्फ दोन-चार उन्हाळे टिकला तर मीठ पाझरून इतकं जातं, की त्याचं पाणी पिता येतं. आदल्या रात्री आम्ही लिटरभर पाण्यात चमच्याने मीठ घालून डबा फ्रीजरमध्ये ठेवला होता. काढला तर साध्या बर्फासारखा टणक, खणखणीत नाही. दुधट आणि सुरीने खरवडता येईल असा. वहिनींनी वरचा थर चाखला, मग तळाचा चाखला आणि तोंड वेडंवाकडं केलं. तळ जास्त खारट होता!

तिकडे हेच मोजायला पोकळ नळीचं यंत्र बर्फात फिरवतात आणि मनगटाएवढ्या, नऊ-दहा सेंटिमीटर जाडीच्या कांड्या बाहेर काढतात. मग सुरू होते घाई. कांडी वर आली की आतलं खारं पाणी गळायला लागतं आणि तापमानही बदलतं. म्हणून लगेच तिला बारीक भोकं पाडून तापमान घ्यायचं, करवतीने ऊस कापतात तशी कापायची आणि प्रत्येक तुकडा झाकणाच्या डब्यात बंद करायचा. तो वितळल्यावर खारटपणा मोजायचा. काही चकत्या इतक्या पातळ करतात की त्या विशिष्ट काचांमधून बघितल्या तर एकेक स्फटिक वेगळ्या रंगाचा दिसतो. पोरीने चित्र दाखवलं. अगदी ठिगळांची गोधडी! समुद्र शांत असताना गोठलेल्या बर्फाचे स्फटिक लांबट, लाटांत गोठलेल्याचे बारीक. बर्फाला त्याचा जन्म कसा झाला ते आठवतं, असं ती म्हणाली. मला वाक्य आवडलं.

गोधडीवरून हिमाचं दुसरं रूप कळलं. ध्रुवावरच्या हिवाळ्यात वर हवा उणे तीस अंश असते आणि बर्फाखालचं पाणी उणे १.८. मधल्या बर्फातून खालची ऊब वर निघून जाते, तेवढा खाली नवा बर्फ धरतो. पण वर हिमाचा जाड थर असेल तर तो पांघरुणासारखा ऊब अडवतो आणि बर्फ जाड होत नाही. तोच थर उन्हाळ्यात पांढरा असल्यामुळे ऊन परतवतो आणि बर्फ वाचवतो. "आमच्या मोठ्या जाऊबाई," वहिनी पुटपुटल्या, "हिवाळ्यात वेगळ्या, उन्हाळ्यात वेगळ्या." हसू आवरेना आम्हाला.

मग या हिमाचीही मोजणी. चौकोनी खड्डा खणायचा, त्याची एक भिंत चाकूने साफ करायची. वरून खालपर्यंत थोड्या थोड्या अंतरावर थर्मामीटर खुपसायचा. ठरावीक मापाची डबी भिंतीत दाबून भरायची आणि वजन करायचं. म्हणजे घनता कळते. आपण शेरभर पोहे आणि शेरभर तांदूळ यांचं वजन वेगळं धरतो ना, तेच. मग थोडे कण काळ्या पट्टीवर घेऊन भिंगाखाली बघायचे, बारीक की जाडे. हिम जुनं झालं की कण जाड होतात आणि कमी ऊन परत देतात. हे सगळं हातमोजे घालून, कारण उघडी बोटं काही मिनिटांत बधिर होतात. आणि पेन गोठतं, म्हणून शिसपेन्सिल.

तिसऱ्या दिवशी वहिनींनी असा प्रश्न विचारला, की मीच चाट पडले. "अगं, पण आता उपग्रह आहेत ना वरती? ते काढतील की फोटो. तू कशाला कडमडायला हवीस?"

खरं म्हणजे सगळी गोम इथेच आहे. उपग्रह १९७९ सालापासून ध्रुवांवरच्या बर्फाची नियमित मोजदाद ठेवतात. बर्फ किती पसरलाय ते त्यांना छान कळतं. उत्तरेकडचा समुद्री बर्फ सप्टेंबरमध्ये सर्वात कमी असतो. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला तेव्हाही तो सुमारे ७० लाख चौरस किलोमीटर असायचा, म्हणजे दोन भारत मावतील एवढा. सप्टेंबर २०१२मध्ये तो सुमारे ३४ लाखांवर आला. एक भारत गेला! दक्षिणेकडचा बर्फ बरीच वर्षं तग धरून होता, पण फेब्रुवारी २०२३मध्ये तोही १८ लाखांच्या आसपास उतरला आणि तोवरचा नीचांक झाला.

पण पसरलेला किती हे कळलं, तरी जाड किती? उपग्रह वरून लहरी पाठवून बर्फ पाण्यावर किती उचललेला आहे ते मोजतो. भारत आणि फ्रान्सचा 'सरल' उपग्रह २०१३मध्ये याच तऱ्हेचं उपकरण घेऊन गेला. बर्फाचा साधारण दहावा हिस्सा पाण्यावर असतो, नऊ हिस्से खाली. म्हणजे वरच्या मापात दहा सेंटिमीटर चुकलं तर जाडीत जवळजवळ मीटरभर चूक! त्यात वर हिम किती आहे, ओलं की कोरडं, जड की हलकं, त्यावर लहर हिमाच्या वरच्या थरावरून परतली की आतून, हे ठरतं. हिमाच्या वजनाने बर्फ दबतो तो वेगळाच. अंटार्क्टिकात तर कधी कधी हिमाच्या भाराने बर्फ पाण्याखाली जातो आणि समुद्र वर चढून हिम भिजवतो. वरून हे कसं दिसणार? म्हणून कुणीतरी खाली उभं राहून भोक पाडायचं, टोकाला आडवी पट्टी असलेली टेप खाली सोडायची, ती बर्फाच्या पोटाला अडकली की आकडा वाचायचा आणि काठी खुपसून हिम मोजायचं. उपग्रहाच्या आकड्याला हा खालचा आकडा ताळ्यावर आणतो. २०१९-२० साली 'पोलारस्टर्न' हे जर्मन जहाज वर्षभर उत्तर ध्रुवाच्या बर्फाबरोबर वाहत गेलं, त्यावरच्या शेकडो संशोधकांत केरळचे विष्णू नंदन हे एकमेव भारतीय होते. त्यांचं काम हेच. बर्फावर रडार ठेवून लहरी हिमात नक्की कुठवर जातात ते बघायचं. ३० जुलै २०२५ रोजी श्रीहरिकोट्याहून इस्रो आणि नासाचा 'निसार' गेला, तो ढगातून आणि अंधारातूनही बर्फ बघतो. त्यालाही खालची काठी लागणारच.

"म्हणजे वजनकाटा कितीही महागाचा असला तरी मापं तपासणारा माणूस लागतोच," वहिनी म्हणाल्या. त्यांच्या माहेरी किराण्याचं दुकान होतं.

बर्फाखालच्या उजेडाचंही तिने सांगितलं, ते थोडक्यात सांगते. भोकातून वाकडा दांडा आत सोडून टोकाला उपकरण लावतात आणि बर्फातून खाली किती प्रकाश झिरपतो ते मोजतात. वर हातभर हिम असेल तर खाली जवळजवळ काळोख. हिम गेलं की निळसर उजेड. एवढ्याशा उजेडावर बर्फाच्या तळाला तपकिरी शेवाळं धरतं, त्यावर बारीक कोळंबीसारखे जीव जगतात, त्यांच्यावर मासे, पेंग्विन, देवमासे.

हे ऐकताना मला अदिती पंत आठवल्या. खरं म्हणजे आठवल्या नाहीत, मुलीनेच सांगितलं आणि माझी मलाच लाज वाटली. आमच्या भूगोलात 'दक्षिण गंगोत्री' होतं, त्याचं नाव पाठ केलं होतं, पण ते उभं राहिलं त्या १९८३-८४च्या तिसऱ्या मोहिमेत दोन भारतीय स्त्रिया पहिल्यांदा अंटार्क्टिकावर उतरल्या, हे काही पाठ नव्हतं. त्यातल्या एक भूगर्भशास्त्रज्ञ सुदीप्ता सेनगुप्ता, बंगालच्या. दुसऱ्या आपल्या अदिती पंत. जन्म नागपूरचा, पदवी पुणे विद्यापीठाची. ॲलिस्टर हार्डी यांचं 'द ओपन सी' हे पुस्तक वाचून त्यांनी समुद्राचा ध्यास घेतला, हवाईला आणि पुढे लंडनला शिकल्या, आणि परत येऊन गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत रुजू झाल्या. त्यांचा विषय समुद्रातल्या डोळ्यांना न दिसणाऱ्या वनस्पतींचा, ज्या उजेडावर जगतात. त्या मोहिमेनंतर त्या पुन्हा एकदा अंटार्क्टिकाला गेल्या. आणि ती दक्षिण गंगोत्री? ती तरंगत्या बर्फाच्या पठारावर बांधली होती. दर वर्षी हिम साचत गेलं आणि सहा-सात वर्षांत ती पार गाडली गेली. १९९०मध्ये ती बंद केली. त्याआधीच खडकावर 'मैत्री' उभी राहिली होती. हिम मोजायचं कशाला, याचं उत्तर एवढ्यातही आहे.

मुलीने आणखी एक नाव काढलं. इस्रोच्या मंगला मणी. २०१६-१७मध्ये अंटार्क्टिकातल्या 'भारती' केंद्रावर त्या ४०३ दिवस राहिल्या. तेवीस जणांच्या तुकडीत एकट्या बाई. वय छप्पन्न! "छप्पन्न?" वहिनींनी दोनदा विचारलं. माझ्यापेक्षाही मोठ्या, हे मी मनात मोजलं.

माझी स्वतःची एक चुकीची समजूत इथे कबूल करते. मला वाटायचं, समुद्रातला बर्फ वितळला की समुद्राची पातळी वाढते आणि आपली खाडी वर येते. तसं नाही. पेल्यातला तरंगता बर्फ वितळला तरी पेला सांडत नाही, तसंच हे. पातळी वाढवतो तो जमिनीवरचा बर्फ आणि तापून फुगलेलं पाणी. समुद्री बर्फाचं नुकसान वेगळं: पांढरेपणा जातो, ऊन आत राहतं आणि वाऱ्यांची घडी विस्कटते. गोव्याच्या त्याच केंद्रातल्या शास्त्रज्ञांनी २०२१मध्ये मांडलं, की उत्तरेकडच्या कारा समुद्रातला उन्हाळी बर्फ घटणं आणि मध्य भारतातला सप्टेंबरमधला टोकाचा पाऊस यांत संबंध असू शकतो. 'असू शकतो', हे शब्द मुलीने दोनदा सांगितले. २६ जुलै २००५चा पूर या बर्फाने आणला, असं कुणी म्हटलेलं नाही आणि मीही म्हणत नाही. पण त्या रात्री बदलापूरला पोटमाळ्यावर पोरीला मांडीवर घेऊन बसलेल्या वहिनी हे ऐकताना बराच वेळ काही बोलल्या नाहीत.

शब्द दिला होता, म्हणून रविवारी मी मुलीच्या वडिलांना भेटले. त्यांचा प्रश्न पैशाचा होता आणि तो चुकीचा मुळीच नव्हता. अंबरनाथच्या कारखान्यात तीस वर्षं पाळ्या केलेल्या माणसाला तो पडणारच. मुलीने खरं ते सांगितलं. या दोन महिन्यांचे पैसे मिळणार नाहीत, राहण्याजेवणाचा खर्च घरूनच. पुढे नेट परीक्षेत कनिष्ठ संशोधक म्हणून निवड झाली तर पाठ्यवृत्ती २०२३पासून महिना ३७ हजार. मोहिमेवर जायचं ते फार पुढे. त्याआधी दिल्लीला एम्समध्ये कसून तपासणी आणि औलीला भारत-तिबेट सीमा पोलिसांकडे बर्फातलं प्रशिक्षण. आता गोव्याला फक्त आलेल्या नोंदी मांडायच्या आणि बर्फ हाताळायला शिकायचं. "आणि लग्न?" त्यांनी विचारलं. त्यावर मी काही बोलणार तोच वहिनी म्हणाल्या, "पुण्याच्या लोकांना जूनमध्ये या म्हणून कळवूया. बर्फ काही थांबणार नाही, ते थांबतील." मी गप्पच बसले. नवऱ्याने बायकोकडे बघितलं आणि पेपर उघडला. आमच्याकडे याला होकार म्हणतात.

क्लासचे पैसे मात्र परत मिळाले नाहीत. शेजारच्या बिल्डिंगमधला मुलगा त्या जागी जातो, निम्मे त्याने दिले.

मेच्या पहिल्या आठवड्यात रात्री आम्ही सगळे ठाणे स्टेशनवर कोकणकन्येची वाट बघत उभे होतो. घामाच्या धारा. बॅग बंद होत नव्हती म्हणून उघडली, तर वर वहिनींनी विणलेला जाड लोकरीचा स्वेटर! सगळे हसायला लागले. मे महिन्यात, गोव्याला, स्वेटर? मुलगी काढून ठेवणार होती, पण आईच्या तोंडाकडे बघून पुन्हा कोंबला.

चार दिवसांनी तिचा फोन आला. अंटार्क्टिकाहून आणलेल्या बर्फाच्या कांड्या तिथे उणे २० अंशांच्या खोलीत ठेवतात, तिथे तिला पहिल्यांदा आत नेलं होतं. त्यांचे जाड कोट मिळतात, तरी आतून काहीतरी लागतंच. "आई, स्वेटर घातला होता," ती म्हणाली. "पण बाह्या आखूड झाल्यात."

वहिनींनी त्याच संध्याकाळी सुया काढल्या.